आला की आली

अरबी शिकायला मी धामणकर नाक्याजवळ एका निवृत्त शिक्षिकेकडे जायचे. सगळे त्यांना आपा म्हणत. पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. ‘माणसाने चिठ्ठी लिहिली’ हे अरबीत सांगायचं होतं. मी दिमाखात ‘कतबत’ म्हणाले. म्हणजे ‘तिने लिहिलं’. अरबी क्रियापद लिहिणाऱ्याचं ऐकतं, आणि मी मराठीच्या सवयीने चिठ्ठीचं ऐकलं होतं. आपा पोट धरून हसल्या.

“अरे बेटी, चिठ्ठी ने आदमी को लिखा क्या? ‘कतब’ बोलो. हम भिवंडीवाले सब इधरीच गिरते हैं. समझी?”

मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं, राग मात्र आला होता. त्यापेक्षा इंग्रजी बरी, बाई लिहो की बुवा, तिच्या क्रियापदाला सोयरसुतक नाही.

पुढे काल्हेरच्या एका गोदामात मला अरबी मेल वाचायला घेतलं, तीन महिन्यांच्या बोलीवर. ते संपायच्या आत कॉम्प्युटरच इंग्रजी भाषांतर करून द्यायला लागला.

“बाय, आता तुझं काय काम हाय?” सुपरवायझर दादा म्हणाले. “सोमवारपासून स्टिकर लावायला जा.”

इतका अपमान मला कधी वाटला नव्हता.

त्याच दुपारी दुबईच्या गिऱ्हाइकाचा मेल आला, एक खोका आणि त्यातल्या मालाची यादी यांच्याविषयी. कॉम्प्युटरने शेवटी लिहिलं, ‘इट हॅज नॉट अराइव्ह्ड’. दादांनी लगेच दुसरा खोका गाडीत चढवायला लावला. मी मूळ मेल उघडला. ‘लम तसिल’, म्हणजे ‘पोहोचली नाही’. क्रियापदाच्या सुरुवातीला ‘त’. खोका असता तर तिथे ‘य’ आला असता, कारण अरबीतही खोका तो आणि यादी ती, अगदी आपल्यासारखंच. इंग्रजीच्या ‘इट’ने दोघांना एका पोत्यात कोंबलं होतं.

“दादा, गाडी थांबवा. खोका पोचलाय. यादी आली न्हाय.”

“चुकलीस तर मी न्हाय वाचवणार.”

“फोन लावा.”

त्यांनी लावला. खोका कधीच पोहोचला होता, यादीचा कागद तेवढा राहिला होता. मी सगळ्यांसमोर टेबलावर थाप मारली. चढवलेला खोका खाली उतरवताना दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, “स्टिकरचं ऱ्हाऊ दे.”

अंजूरच्या रिक्षात बसल्या बसल्या मी आपांना एकच शब्द पाठवला, ‘फहिम्तु’. मराठीत नुसतं ‘समजलं’ म्हटलं की समजणारी कुठेच दिसत नाही, इंग्रजीत ‘आय’ वेगळा लावावा लागतो. अरबीत त्या शब्दाच्या शेवटच्या ‘तु’मध्ये मी स्वतःच होते.