अर्धी नळी

जीवशास्त्राच्या मुलांना फिजिक्स शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळेच म्हणतात. "फिजिक्स नको म्हणून तं बायलॉजी घेतलं ना, मॅडम!" हे ऐकून ऐकून अकोल्यात माझे कान किटले. शेवटी वैतागून मीच त्यांचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलायला घेतला. उतारावरून घसरणारे ठोकळे आणि कप्प्या काढल्या. डोळ्याचं भिंग, झाडात चढणारं पाणी, नळीतून वाहणारं रक्त घातलं. अमरावतीच्या विद्यापीठ समितीनं परवानगी दिली ती एका वर्षापुरती. वर्षअखेर मुलांचे पेपर दाखवा, मग बघू, म्हणाले. म्हणजे सगळं त्या पेपरांवर अडलेलं.

पेपरात मी विचारलं: रक्तवाहिनीची रुंदी निम्मी झाली, दाब तोच राहिला, तर प्रवाह किती उरेल? उत्तर आहे सोळावा हिस्सा, कारण प्रवाह रुंदीच्या चौथ्या घातावर ठरतो. बहुतेकांनी 'निम्मा' असं ठोकून दिलं. एका मुलीनं लिहिलं, 'पेशंटले नागपूरले न्या लागते.'

समितीच्या बैठकीत नेमका तोच पेपर हातोहात फिरला. जो तो हसला. मलाही हसू आलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "हे फिजिक्स आहे का?" अध्यक्षांनी विचारलं. मी जीव तोडून सांगितलं, जुन्या पेपरात मुलं सूत्र घोकून लिहायची आणि दाराबाहेर पडताच विसरायची. ही मुलगी निदान त्या नळीकडे बघतेय तरी. आणखी एक वर्ष द्या. अक्षरशः हात जोडले. कोणी घड्याळ पाहिलं, कोणी चहा सांगितला. जूनपासून जुनाच अभ्यासक्रम, असं ठरलं. परतताना मूर्तिजापूर येईस्तोवर मी बसमध्ये रडत होते आणि शेजारची अनोळखी बाई मला पाण्याची बाटली पुढे करत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला तडकूनच विचारलं, "नागपूर काहून लिहिलं तू?"

ती उभी राहिली. "मॅडम, बाबाचं तसंच झालतं. डॉक्टर म्हणे, नळी अर्धी झाली, नागपूरले न्या. आमाले वाटलं, अर्धी तं चालू हाये. कापूस निघाला का मंग नेऊ."

"मग?"

"नेलंच नाही. त्याच्या आधीच गेले ते."

फळ्याकडे वळून मी हिशोब मांडला: निम्मं करा, त्याचं परत निम्मं, असं चार वेळा. खाली सोळावा हिस्सा उरला. तिनं त्या आकड्याकडे बोट दाखवलं.

"एवढंच राहते? मंग हे आमाले आधी काहून नाही सांगतलं कोनं?"

जूनपासून हे कोणालाच शिकवायचं नाही, असं ठरलंय, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या वर्गाला मी ते अजून सांगितलेलं नाही.