बांधावरची लुगडी

यंदा माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं, तेवढंच ऐका. चहा थंड झाला तरी चालेल, पण मध्येच हसायचं नाही!

आमचं शेत बोदलकसा तलावाच्या कालव्यावर. बांधाला लागूनच माझ्या साडूचं, सुकरामचं. यंदा दोघांनीही एकाच हायब्रीड धानाचा बियाणे प्लॉट घेतला, म्हणजे कंपनीसाठी बियाणं पिकवायचं. त्यात काही ओळी नराच्या, बाकी मादीच्या. मादीला स्वतःचे पराग नसतात. तिचं फूल मिटलं तरी जांभळे तुरे बाहेर लोंबत राहतात आणि वाऱ्यावरचे पराग झेलतात. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास दोर ओढून नर हलवायचा. झालं शास्त्र!

पण साडूचं काही चांगलं दिसलं की माझ्या पोटात दुखतं. त्याच्याआधी आपलं शेत फुलावं म्हणून मी नराचे पऱ्हे, म्हणजे रोपं, कंपनीनं सांगितल्यापेक्षा आधीच टाकले. वर बायको रोज म्हणायची, "भाऊजीचा धान पाहा जी, कसा फुलून राह्यला!" जळून खाक झालो हो मी!

एके सकाळी बियाणेवाल्या मॅडम साडूच्या शेतात उभ्या राहून फोनवर सांगत होत्या, "पराग बांध ओलांडून जातायत. शेजाऱ्याचं फुकटात काम होतंय!"

शेजारी? माझा शेजारी तर साडूच! म्हणजे पराग माझे आणि लोंब्या साडूच्या भरायच्या?

तासाभरात बांधावर बांबू ठोकले आणि बायकोची होती नव्हती ती सगळी लुगडी ताणून बांधली. साडू दोर ओढता ओढता थांबला.

"साडूभाऊ, पडदा कायले लावून राह्यले?"

"नजर लागते!" मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी मॅडम आल्या. माझ्या लोंब्या दाबून पाहिल्या. चार-दोन भरलेल्या, बाकी सगळ्या पोचट!

"दादा, तुमचा नर आधीच फुलून गेला होता. सुकरामदादांच्या परागांवर तुमचं भागत होतं. मध्ये हे पडदे कोणी लावले?"

"म्हणजे तो फुकटा शेजारी..."

"तुम्हीच की!"

बांधापलीकडून सुकराम हळूच म्हणाला, "मी त मुद्दाम बांधाकडं दोर ओढून राह्यलो होतो जी. म्हटलं, साडूभाऊचं बी भरन."

तेवढ्यात बायकोनं एक लुगडं सोडून झटकलं. पिवळा धुरळा उडाला.

"भाऊजीचे पराग त माह्या लुगड्यालेच भेटले! आता धान बी यालेच लागन. करा मळणी!"

खोटं कशाला बोलू? त्या घडीला मी बायकोच्या लुगड्यांवर जळत होतो!