दुसऱ्या डोसाची घासाघीस

नव्या फ्रीजला बिअर पाजू नये, हे रुफिनो आपासाला शेवटी फ्रीजनेच शिकवलं, आणि तेही ठिणगी उडवून.

ही त्याची एकट्याची चूक म्हणावी, तर अख्खं वायचुमा गाव गुन्हेगार ठरेल. बोलिव्हियाच्या त्या उंच पठारावर नवी वस्तू दारात आली, मग ती मालमोटार असो, शिलाई मशीन असो की जावई, तिच्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळून चारी कोपऱ्यांवर बिअर शिंपडल्याशिवाय कोणी ती कामाला लावत नाही. धरणीमायेला घोट दिला की वस्तू लाभते. त्यातून महिना ऑगस्टचा, म्हणजे धरणीमायेचाच. रुफिनो गावच्या रेडिओचा निवेदक, बातमीदार आणि वेळ पडली तर वायरमनही. आरोग्य केंद्रात महामारीच्या लसी आल्या, नव्या कोऱ्या फ्रीजमध्ये बसल्या, आणि सात महिने ज्यांची वाट पाहिली त्या कुप्या बघून त्याला भरून आलं. त्या भरात त्याने बाटली उघडली. तीन कोपरे सुरेख पार पडले. चौथ्या कोपऱ्यात मोटर होती. ठिणगी उडाली आणि केंद्रातले दिवेही गेले.

"मी म्हटलं होतं, पाण्याने पुसायचं असलं तरी मला विचार," नर्स विल्मा अंधारातून म्हणाली.

"कोंबडीवाल्याच्या फ्रीजमध्ये हलवू का?"

"त्याच्यात मुंड्या गोठतात, लस गोठणार नाही? गोठली की ती लस नाही, नुसतं पाणी." तिने कुप्या भराभर बर्फाच्या पेटीत रचल्या. "बर्फ संध्याकाळपर्यंत दम धरेल. तोवर टोचायला चारशे दंड घेऊन ये. नाही जमलं तर आज रात्रीच्या बातम्यांत तूच सांग गावाला, लसीला दारू कोणी पाजली ते."

चारशे दंड शोधायला लांब जायचं नव्हतं. बाजाराचा दिवस होता. पण त्या बाजारात दोन्या सातुर्निना कायिसाया यांच्या परवानगीशिवाय कांदाही जागचा हलत नसे.

दोन्या म्हणजे बाई, आणि या बाई बाजारातल्या बायकांच्या संघटनेच्या प्रमुख. नऊ वर्षांच्या असताना आईशेजारी ज्या फरशीवर येऊन बसल्या, त्याच फरशीवर आज साठी ओलांडून बसल्या होत्या. दोन वेण्या, सात परकर आणि डोक्यावर तपकिरी गोल हॅट. ती हॅट वादळात उडाली नाही आणि मंत्र्यापुढे उतरली नाही. बटाटे आणि चुन्यो विकायच्या. चुन्यो म्हणजे थंडीत गोठवून, पायांनी तुडवून वाळवलेला बटाटा. दिसायला खडा, टिकायला दगड. गावचा मेयर एकदा बाजारकर वाढवायला आला, त्याला त्यांनी शेजारी बसवून दिवसभर बटाटे निवडायला लावले. कर वाढला नाही. मेयरला बटाट्यांतलं मात्र पुष्कळ कळायला लागलं.

त्यांच्या ओळीत चार फरशा रिकाम्या होत्या. पहिल्या लाटेत गेलेल्या चौघींच्या. त्या जागा मागायला कितीजण आले, पण बाईंनी कोणाला दिल्या नाहीत.

आणि या बाईंनीच लसीवर फुली मारली होती. कारण पुन्हा रुफिनोच. कुप्यांवरची तारीख याच महिन्याच्या अखेरीस संपते, ही बातमी त्यानेच मोठ्या अभिमानाने, संगीतासकट वाचली होती.

"माप झाल्यावर वर मूठभर घालतात त्याला यापा म्हणतात," बाई म्हणाल्या होत्या. "पण यापा त्याच टोपलीतून घालायची. चांगलं आपल्या घरी आणि सडकं यापात, अशी बाई माझ्या ओळीत बसत नाही. ज्या श्रीमंत देशाने ही लस पाठवली, त्यांच्याकडे तिसरा डोस चाललाय. आपण सगळ्या देशांच्या सामाईक खरेदीत आधी पैसे भरले, तरी माल गेला त्यांच्या दारी. आता उरलेलं पाठवतात, वर फलक लावतात 'भेट' म्हणून. आणि पाठवलाय किती? एकेक डोस. लागतात दोन."

आता चौकात तोच फलक फडकत होता. त्याखाली त्या श्रीमंत देशाच्या वकिलातीचे सेक्रेटरी उभे होते. तरुण, लाल नाकाचे, पठाराच्या विरळ हवेत धापा टाकत. पहिली सुई बाईंना, तिचा फोटो, मग भाषण, असा बेत होता. रुफिनोने थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि माईक धरून बाईंजवळ सरकला.

"मावशी, दंड पुढे करा ना," तो कुजबुजला. "बर्फ…"

"माहितीये. बिअरचा वास येतोय तुझ्या अंगाला," बाई म्हणाल्या, आणि माईक काढून घेतला. "या कासेरो, बसा."

बाजारात गिऱ्हाइकाला कासेरो म्हणतात, आणि बसा म्हणाल्या की व्यवहार सुरू. सेक्रेटरी बिचारे बटाट्याच्या पोत्यावर बसले.

"माझ्या देशाच्या वतीने ही नम्र भेट आपण स्वीकारावी," ते पुस्तकी स्पॅनिशमध्ये म्हणाले.

"भेट छान आहे. दुसरा डोस कुठाय?"

"त्याचा विचार चालू आहे."

"विचार पोत्यात भरता येत नाही हो. तुमच्या आईला किती मिळाले?"

सेक्रेटरींचं नाक आणखी लाल झालं. "तीन."

बाजार खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. "मिळू देत, म्हातारी जगू दे. मला एकीला तीन नकोत. सगळ्यांना दोन हवेत. आणि पुढची खेप टोपलीच्या वरच्या थरातली, तारीख लांबची."

"मला तसा अधिकार नाही."

"मग ज्याला आहे त्याला फोन लावा. आम्ही थांबतो." आणि बाई सावकाश चुन्यो निवडायला लागल्या.

रुफिनोची नजर चौकात आणून ठेवलेल्या बर्फाच्या पेटीकडे गेली. पेटीखाली पाण्याचा डाग पसरत होता. तिकडे विल्मा पेटीला पाठ लावून अशी उभी होती, जणू तिच्यात बाळ निजलंय. सेक्रेटरी फोनवर आपल्या भाषेत भरभर बोलले, थांबले, पुन्हा बोलले. पलीकडून नकार आला असावा. ते बाईंकडे वळले. बाईंनी पोत्याचं तोंड बांधलं आणि उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला. अर्ध्या बाजारानेही आपापली पोती बांधायला घेतली.

"एक क्षण," सेक्रेटरी म्हणाले, आणि या वेळी फोनवर त्यांचा आवाज चढला. शब्द कोणाला कळले नाहीत, पण घासाघीस कुठल्याही भाषेत ओळखू येते. रुफिनोने माईक तिकडेच धरला. अख्खं पठार ऐकत होतं.

"मान्य," ते शेवटी धापा टाकत म्हणाले. "सर्वांना दुसरा डोस. ताज्या तारखेचा. राजदूतांनी शब्द दिला आहे."

"रेडिओवर बोला. नावासकट."

ते बोलले. बाईंनी शालीतून दंड बाहेर काढला, हॅट जरा मागे सारली, आणि विल्माने सुई टोचली. मग जी झुंबड उडाली, तशी नाताळच्या आदल्या दिवशीही उडत नाही. रुफिनो माईकवरून ओळी लावत होता, कोंबडीवाला दंड चोळत नाचत होता, आणि सेक्रेटरीसाहेब भाषण विसरून म्हाताऱ्यांच्या शाली सावरत होते. डोंगरामागे ऊन गेलं तेव्हा पेटीच्या तळाला नुसतं पाणी उरलं होतं. कुपी एकही नाही.

रुफिनो बाईंच्या फरशीपाशी मटकन बसला.

"मावशी, खरं सांगा. तो नाही म्हणाला असता, आणि बर्फ संपत आला असता, तर काय केलं असतं?"

"टोचून घेतली असती, पण हे गिऱ्हाइकाला आधी सांगतात का?"