नळीतलं पाणी आणि शैलाचा श्वास

परवा माझ्या एका फोनमुळे वालूरला आमच्या गल्लीत साखर वाटली गेली... आणि थोड्याच वेळात मलाच परत फोन करावा लागला.

माझी धाकटी जाऊ शैला न्यूमोनियाने परभणीत आयसीयूत आहे, व्हेंटिलेटरवर. आमचे हे अशाच मशीनवर गेले. तेव्हापासून त्या मशीनबद्दल हाती लागेल ते वाचत आले. वाचून माणूस परत येत नाही, पण स्क्रीनवरचे आकडे ओळखीचे झाले.

परवा सकाळी आत गेले तर श्वासांचा आकडा वाढलेला. डॉक्टरांनी लावून दिला होता त्याहून जास्त. म्हणजे वरचे श्वास शैला स्वतः ओढतेय... कुणाला न विचारता बाहेर येऊन सासूबाईंना कळवलं. त्यांनी देवापुढची विभूती कपाळाला लावली आणि साखरेचा डबाच घेऊन निघाल्या.

मग सिस्टरना सांगायला गेले. त्यांनी स्क्रीन पाहिली, शैलाच्या बरगड्यांखाली हात ठेवला, आणि श्वासाची नळी उचलली. नळीच्या खोलगट भागात वाफेचं पाणी साचून हलत होतं. त्यांनी ते काढलं... आकडा खाली आला.

"मावशी, पाणी हललं की मशीनला वाटतं पेशंटनंच श्वास ओढला. म्हणून आकडा बघायचा, पण हात ठेवून, तिची स्वतःची ओढ लागते का ते बघत."

तशीच बाहेर येऊन सासूबाईंना परत फोन लावला. नळीतल्या पाण्याचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाटलेली साखर काय माघारी मागायची हाय का? राहू दे. लेकरू घेईल श्वास."

आज सिस्टरनी मला बोलावून माझा हात त्याच जागी ठेवला. नळी कोरडी होती. मशीनची हवा यायच्या जराशी आधी हाताखाली काहीतरी हललं... ओढ अगदी हलकी, पण शैलाची. डॉक्टरांनीही तपासून सांगितलं, आता मशीन हळूहळू कमी करू.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "साखर वाटून झालीय. आता तिला घेऊन ये."

मशीनवर माझा राग नाही. त्याला जे जाणवलं ते त्यानं सांगितलं. ह्यांच्या वेळी मी काचेबाहेरून नुसते आकडे बघत राहिले होते... या वेळी कुणीतरी माझा हात धरून श्वासावर ठेवला. त्या सिस्टरचं भलं होवो.