लॉरीच्या मानेवरचा भार

तुमच्या पत्रातला फोटो मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. जुना पिकअप दिला आणि त्याहून दांडगा घेतला, कारण मागे जोडायचा ट्रेलर मोठा आहे आणि जुनी गाडी चढावर दमत होती, असं तुम्ही लिहिलं आहे. खाली तुमच्या आईने एक ओळ जोडली आहे, की आजीला यातलं काय कळणार, पण फोटो तर पाहील. मला यातलं थोडं कळतं. ते मी क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला वाचताना मागे-पुढे करावं लागणार नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. महायुद्ध संपून सैन्याच्या जुन्या गाड्या लिलावात निघत होत्या. लोक त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. माझे बाबा पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. त्यांनी तशी एक लहान लॉरी घेतली, कारकुनी सोडली आणि स्वतःच चालवायला लागले. सरकी, कापूस, संत्री, लग्नाचं सामान, जे मिळेल ते वाहत. काही वर्षांनी त्यांनी तशाच एका लिलावातून दोन चाकांचा एक मोठा ट्रेलर आणला. तो अंगणात ठेवला तेव्हा आईला कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. तिने ट्रेलरवरच दोरी बांधली.

माल भरायला बाबांबरोबर एक म्हातारे गाडीवान असत. मी त्यांना गाडीवान बाबाच म्हणायची. ते नदीपलीकडचे, सावरगावचे. माझ्या आजोबांच्या काळापासून आमचं सामान त्यांच्या बैलगाडीतून गेलेलं. लॉरी आली म्हणून बाबांनी त्यांना सोडलं नाही, आणि त्यांनीही आपली बैलजोडी सोडली नाही. बाबा काही सुचवू लागले की ते म्हणत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पांढुर्णेवाल्यांचं ऐकत नसतो, बाकी वर्षभर ऐकतो. त्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात, अशी तिथली जुनी रीत. खरं तर माल भरण्याच्या बाबतीत ते वर्षभर कोणाचंच ऐकत नसत. बाबाही त्यात पडत नसत, कारण त्यांच्या हातची गाडी रस्त्यात कधी कलंडली नव्हती.

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची फेरमांडणी झाली. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुटीत घरी आले होते. सुटीला येताना ज्या नागपूरला मी आमच्याच राज्याची राजधानी म्हणून सोडून आले, ते नागपूर मी लाडू खात असताना मुंबई राज्यात गेलं. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि आमची राजधानी भोपाळ झाली. भोपाळ आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं. सौंसर आणि सावनेर यांच्या मध्ये कुठेतरी सीमा आली. बाबांच्या लॉरीचा परवाना त्या सीमेपलीकडे चालेल की नाही, हे कोणत्याच कचेरीत कोणी धड सांगेना.

बाबांनी तोंड उत्तरेकडे वळवलं. संत्री नागपूरला जात नाहीत तर छिंदवाड्याला जातील, तिथून पुढे जबलपूरला. मोहगावच्या एका मोठ्या बागाईतदाराशी त्यांचं बोलणं झालं. त्याने दोन खेपा पाहायचं ठरवलं. माल न दबता, वेळेवर पोचला तर सगळा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर उतरणारी सगळी संत्री, बाबांच्या गाडीवर, नाही तर नेहमीचे व्यापारी होतेच.

माझं पुढचं शिक्षणही या दोन खेपांवर होतं. माझे मामा दिवाळीला येऊन म्हणून गेले होते, की नागपूर आता परक्या राज्यात गेलं, पोरीला तिथे कशाला ठेवता, स्थळं पाहू. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला समोर बसवून सांगितलं, "हा बहार नीट उतरला तर सुटी संपली की तू परत जाशील. नाही उतरला तर मला पुन्हा कारकुनी धरावी लागेल, मग होस्टेल जमणार नाही. तुला आधी सांगून ठेवतो. मागून सांगितलं असं नको."

मला ते आवडलं. रडू आलं, पण आवडलं.

आता गाडीकडे येते. छिंदवाड्याच्या वाटेवर, रामाकोना सोडल्यावर, सिल्लेवानीचा घाट लागतो. मी सुटीवर येण्याच्या आधीच, फेरमांडणी होणार हे कळल्यावर, बाबांनी लहान लॉरीला भरलेला ट्रेलर जोडून तो घाट करून पाहिला होता. एका वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि लॉरी पुढे सरकेना. लॉरी हलकी आहे, असं सगळ्यांनी ठरवलं. बाबांनी ती विकून तीन टनांची लॉरी आणली. तीही डिस्पोजलचीच, पण हत्तीएवढी. तिला जामसांवलीच्या हनुमानासमोर उभी करून नारळ फोडला, आणि परीक्षेची पहिली खेप निघाली.

त्याच वळणावर त्या हत्तीचीही मागची चाकं फिरली. चाकांखाली दगड लावत, अर्ध्या करंड्या उतरवून डोक्यावरून वर नेत त्यांनी घाट पार केला. पुढे उतारावर वेगळंच झालं. ट्रेलर म्हशीच्या शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागला, आणि बाबांना बैलगाडीच्या चालीने जावं लागलं. छिंदवाड्याला पोचायला उशीर झाला, तळातली संत्री दबली. बागाईतदार रागावला नाही. एक खेप अजून आहे, एवढंच म्हणाला. याहून मोठी गाडी बाबांना मिळण्यासारखी नव्हती.

त्या लॉरीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती, हिरव्या पुठ्ठ्याची, तेलाने माखलेली. तेल कधी बदलायचं ते वाचून सांग, म्हणून बाबांनी ती मला दिली. सवयीप्रमाणे मी पहिल्या पानापासून वाचत गेले. शेवटाकडे ट्रेलरवर दीड पान होतं. दोन चाकांच्या ट्रेलरमध्ये जड माल चाकांच्या पुढच्या बाजूला भरावा, म्हणजे जोडाच्या दांडीवर थोडा भार येईल. भार मागे गेला तर ट्रेलर झोके घेईल. मी ते तीनदा वाचलं. मग अंगणात जाऊन रिकामा ट्रेलर पाहिला. मागच्या फळ्या करंड्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या, पुढच्या जवळजवळ कोऱ्या होत्या.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, पुस्तक त्यांच्या देशातल्या रस्त्यांसाठी लिहिलंय. पण दुसऱ्या खेपेच्या दिवशी त्यांनी मला मोहगावच्या बागेत बरोबर नेलं. तूच सांग त्यांना, मी सांगणार नाही, म्हणाले.

बागेत ट्रेलर भरून झाला होता. गाडीवान बाबांनी माझ्यासमोर जोड सोडून ट्रेलरची पुढची दांडी एका हाताने खाली-वर करून दाखवली. एवढा भरलेला ट्रेलर, आणि दांडी एका हाताने. बैलगाडी भरण्यातली कसबाची गोष्ट हीच होती. भार थोडा मागे ठेवायचा, म्हणजे जू बैलांच्या मानेवर बसत नाही. पुढे जड झालेल्या गाडीला धुरजड म्हणत, आणि धुरजड गाडी भरणाऱ्याला गावात कोणी माल देत नसे.

मी पुस्तिका उघडून त्यांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"या लिवणाऱ्यानं कधी संत्रं भरलं का, बाई?"

नसेल भरलं, मी म्हटलं.

"मानेवर भार द्याचा नसते. जनावर बोलत नाही म्हून आपण पाहाचं असते. आता तू मले धुरजड भराले सांगून राहिली."

पुस्तकातलं कारण संपलं होतं. बाबा संत्र्याच्या झाडाखाली उभे राहून आमच्याकडे न पाहता विडी ओढत होते. मी खाली पाहिलं. आदल्या दिवशी बागेला पाणी दिलेलं, जमीन ओली होती. लॉरीच्या पुढच्या चाकांची नक्षी चिखलात खोल उठली होती. मागच्या चाकांची, ट्रेलर जोडून भरल्यावर लॉरी थोडी पुढे घेतली होती तिथली, जेमतेम दिसत होती. मी गाडीवान बाबांना म्हटलं, हे पाहा, मागची चाकं जमिनीला नीट टेकतच नाहीत. भरलेला ट्रेलर आपली दांडी वर उचलतो, आणि दांडीबरोबर लॉरीलाही मागून उचलतो.

ते उकिडवे बसले. चिखलातल्या नक्षीवर बोट फिरवलं, पुढच्या, मग मागच्या. त्यांचे बैल झाडाखाली रवंथ करत होते, त्यांच्या खुरांकडे ते पाहत होते.

"बैल खुरानं जमीन धरते," ते शेवटी म्हणाले, मला नाही, बाबांना. "याले खूर नाही, भाऊ. हे वजनानं धरते. आपण याचं वजनच काढून घेतलं."

बाबांनी विडी टाकली. "मग?"

"मंग काय. उतरवा."

सगळ्या करंड्या उतरवून पुन्हा भरल्या. गाडीवान बाबांनी मला हात लावू दिला नाही, पण प्रत्येक करंडी ठेवताना एकदा माझ्याकडे पाहत. चाकांच्या पुढे जास्त, मागे कमी, तळाला गवताचा जाड थर. दांडी उचलायला आता दोन माणसं लागली. ते पाहून त्यांनी तोंड वळवलं. आयुष्यभर ज्याची लाज वाटली, तेच त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं.

त्या दिवशी मी लॉरीत दोघांच्या मध्ये बसून घाट चढले. वळण आलं तसं गाडीवान बाबा पुटपुटायला लागले. चढावर ते बैलांशी बोलत, तेच शब्द. चाकं एकदा कुरकुरली, खडी मागे उडाली, आणि लॉरी चढत राहिली. बाबांनी गिअर बदलला नाही, श्वासही बदलला नाही. वर सपाटीला आल्यावर लॉरी थांबवली. गाडीवान बाबा उतरले, बादलीने रेडिएटरमध्ये पाणी घातलं, उरलेलं पाणी चारही चाकांवर ओतलं, आणि बॉनेटवर थाप मारली. पुढच्या उतारावर ट्रेलर आमच्या मागून शहाण्या वासरासारखा आला.

छिंदवाड्याला संत्री वेळेवर पोचली. बागाईतदाराने त्या वर्षीचा बहार बाबांना दिला, आणि पुढच्या वर्षीचाही.

तुम्ही विचाराल, मग मोठी लॉरी घेतली ती चूक होती का? मी हा प्रश्न बाबांना नंतर विचारला. त्यांनी नाही म्हटलं. एवढा ट्रेलर उतारावर थोपवायला लहान लॉरीचे ब्रेक पुरे पडले नसते. मोठी गाडी लागतच होती, पण तिने एकटीने सगळं केलं नसतं. तुमची नवी गाडी पाहून मला आनंद झाला. फोटोत ट्रेलरच्या मागच्या टोकाला तुम्ही पाण्याच्या टाक्या आणि सायकली लादलेल्या दिसतात. त्या पुढे घ्या. मग दांडीवर किती भार आला ते तुमच्या गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहा, तेही सोयीची चार पानं वाचून नाही, पहिल्या पानापासून.

सुटी संपली तेव्हा मी नागपूरला परत निघाले. मामा आले नाहीत, पण त्यांनी आईकडे माझ्यासाठी एक चादर पाठवली. लॉरी संत्री घेऊन गेली होती, म्हणून माझी ट्रंक पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गाडीवान बाबांनी आपल्या बैलगाडीतून नेली. मी पाहिलं, तर त्यांनी ट्रंक उचलून नेहमीसारखी मागे ठेवली होती. मी हसले. त्यांना कळलं मी का हसले ते.

"बैलाची गोष्ट येगळी हाये, बाई," ते म्हणाले. "बस तूही मागंच."

मी मागे बसले, पाय खाली सोडून, ट्रंकेला टेकून. बैल आरामात चालत होते.