फोटोतून गायब झालेलं शेत

मी चांगले फोटो काढतो. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही. महाडला एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झालो आणि लगेच कॅमेरा घेतला. बायको म्हणाली, "आता हे नवीन खूळ." खूळ तर खूळ. ओळखीपाळखीत बारसं असो की साखरपुडा, मी गळ्यात कॅमेरा अडकवून हजर. फोटो खोटं बोलत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. घरातल्यांना ते इतकं पाठ झालं होतं, की मी 'फोटो' म्हटलं की उरलेलं तेच पूर्ण करायचे.

मुलगी अमेरिकेत, पश्चिमेकडच्या कोरड्या, लाल डोंगरांच्या मुलखात राहते. गेल्या वर्षी तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. जावयाने गाडीतून खूप फिरवलं. सरळसोट रस्ते, आणि माणूस औषधालाही नाही. एक अवाढव्य दरी बघायला गेलो, तर तिथे सगळे आ वासून उभे. बायको साडीवर स्पोर्ट शूज घालून कठड्याशी गेली, वाकून नीट बघितलं आणि म्हणाली, "अहो, आपला आंबेनळीचा घाट ह्याहून हिरवा." जावई हसला. मला मात्र पटलं. खोली त्यांची जास्त, मान्य. पण धुकं कुठे आहे? करवंदाची जाळी कुठे आहे? आणि एवढं बघून झाल्यावर गरम भजी कुठे आहे?

तिथली एक गोष्ट आवडली. मुलीच्या शेजारणीकडे भिंतभर फ्रेम लावलेले फोटो होते आणि त्यातली सगळी माणसं हयात होती. आमच्याकडे एकट्या माणसाचा फोटो फ्रेम होऊन भिंतीवर चढतो तो माणूस गेल्यावरच. वर हार. जिवंतपणी तसा फोटो लावणं अपशकुनी समजतात. मला ते कधीच पटलं नाही.

परतायच्या आधी मुलीने मला लांब पल्ल्याची लेन्स घेऊन दिली. दूर उभं राहून त्या लेन्सने फोटो काढला, की मागचा डोंगर पुढच्या माणसाच्या पाठीला येऊन चिकटतो. बायको आणि लाल सुळका यांच्यात चांगलं कोसभर अंतर होतं, पण फोटोत ती सुळक्याला टेकून उभी आहे. मी हरखून गेलो. ही लेन्स घेऊन कुडपणला जायचं, हे मी विमानातच ठरवलं.

कुडपणला माझी थोरली बहीण राहते, आक्का. आम्ही मूळचे डोंगराखालच्या कापडे गावचे. ती लग्न होऊन वर पठारावर गेली. मेहुणे वारले, मुलगा मुंबईला. आक्का तिथे एकटी, सोबतीला एक म्हैस. मुलगा दर शिमग्याला येतो आणि म्हणतो, "आई, चल आता मुंबईला." आक्का म्हणते, "आन् म्हशीचं काय करू?" म्हैस नुसतं निमित्त. आक्काला तिथून हलायचंच नव्हतं. एकदा ती मुलाकडे राहून आली होती. "दारात बसलं तर लोकांच्या चपला बघायच्या, दुसरं काय नाय," असं तिने मला सांगितलं होतं.

दिवाळीनंतर गवत कापायच्या दिवसांत मी वर गेलो. आक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन वाटेने येत होती. मी दूर, जरा सखल जागी बसून होतो. मागे दरीपलीकडचा काळा कडा, त्यावर तिरपं ऊन, आणि पुढे आक्का, ताठ मानेची. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. घरी येऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. वाहवा झाली. मुलीने अमेरिकेतून अंगठे पाठवले. मी दोन दिवस हवेत होतो.

मग भाच्याचा फोन आला. आवाज चढलेला. "मामा, वाटेच्या कडेची जमीन कधी गेली? आई मला काय बोलली नाय!"

मला कळेचना. मी फोटो पुन्हा उघडून नीट बघितला. वाट आणि दरी यांच्यामध्ये आक्काचं नाचणीचं अख्खं शेत आहे. लेन्सने ते असं दाबून टाकलं होतं, की आक्काच्या पायाला लागूनच दरी दिसत होती. आमच्या भागात पावसाळ्यात दरडी कोसळतात. वाटेलगतचं शेतच दरीत गेलं आणि आईने आपल्यापासून लपवलं, असं भाच्याला वाटलं. त्याची काय चूक?

मी लेन्सचं समजावून सांगायला लागलो. तो म्हणाला, "मामा, तुमीच बोलता ना, फोटो खोटं बोलत नाय? मी रविवारी येतो. आईला घेऊन जाणार. म्हशीला गिऱ्हाईक बघून ठेवा."

मी आक्काला कळवलं. ती म्हणाली, "तुझा फोटो मला घराभाईर काढतोय रे." असं मला आजवर कोणी बोललेलं नव्हतं. फार लागलं.

रविवारी मी भाच्याला पोलादपूरला गाठलं आणि त्याच्याच गाडीतून वर गेलो. घरात पाऊल टाकू दिलं नाही. आधी वाटेवर नेला, आक्का जिथे होती तिथे उभा केला. समोर नाचणीचं शेत, कापणी झालेलं, उताणं पडलेलं. त्यापलीकडे बांध, आणि मग कुठे दरी. तो शेतातून चालत बांधापर्यंत गेला, परत आला.

"सगळं हाय की," तो म्हणाला. मुंबईत राहून त्याची बोली बदलली आहे, पण तेव्हा तो कुडपणचंच बोलला. मी काही म्हणणार तेवढ्यात पुढे म्हणाला, "पण मामा, डोक्यावरचा भारा? तो पण लेन्सने मोठा केला?"

भारा खराच होता.

घर वाटेलगतच; आक्का दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "भारा नाय उचलत. शेजारीन आनून देईल, मी तिला दूध देईन. म्हस हितंच ऱ्हाईल, आन् मी पन." भाच्याने दारात चपला काढल्या आणि चहा मागितला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निघण्याआधी मी मोबाइलवर एक फोटो काढला. शेत, वाट, घर, म्हैस, पाण्याची टाकी, मधोमध विजेचा खांब आणि दारात तिळाएवढी आक्का. इतका भिकार फोटो मी शिकाऊ असतानाही काढला नव्हता. पण भाच्याने तोच मागून घेतला.

पुढच्या खेपेला मी दोन्ही फोटो फ्रेम करून आक्काकडे नेले. कड्याचा मोठा, हा लहान. कड्याच्या फोटोकडे तिने नीट बघितलं, "ब्येस काढलायस" म्हणाली, आणि माझ्या पिशवीत परत घातला. लहान फ्रेम मात्र तिने स्वतः उचलली आणि मेहुण्यांच्या हार घातलेल्या फोटोच्या शेजारी खिळ्याला अडकवली.

मी म्हणालो, "आक्का, अगं ह्यात तू धड दिसत पण नाहीस."

"मला कशाला बघायचं फोटोत?" ती म्हणाली. "मी हाय की हितंच."