उजवीकडे वळणाऱ्या गाड्या

आमचे आजोबा उलटं लिहू शकतात. आरशात धरलं तर सुलटं दिसेल असं, आणि तेही गप्पा मारता मारता. या कलेचा आमच्या घराला आजवर झालेला फायदा एवढाच, की बँकेने त्यांची सही दोनदा नापास केली आणि आईला रजा टाकून धावावं लागलं.

हा गुण त्यांना शिळाप्रेसमध्ये लागला. तरुणपणी ते मोटारींच्या शर्यतींची पोस्टरं काढायचे. शहराबाहेर तेव्हा मातीचा लंबगोल ट्रॅक होता, सगळे त्याला नुसतं 'रिंगण' म्हणत. आता तिथे फ्रिज आणि वॉशिंग मशीनची गोदामं आहेत. पण रस्ता अजून जुन्या कुंपणाला धरून वळतो आणि हा फालतू वळसा कुणी काढून ठेवला म्हणून ट्रकवाले शिव्या देतात. आजोबांना त्या शिव्याही आवडतात. म्हणतात, "बघ, अजून आठवण काढतात."

शिळाप्रेस म्हणजे काय ते मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की मी झोपेत सांगेन, आणि त्यांच्याच आवाजात सांगेन. आधी घसा खाकरायचा, मग चष्मा कपाळावर. "हे बघ, मुद्दा काय आहे. गुळगुळीत दगड. त्याच्यावर तेलकट खडूने काढायचं. शाई फिरवायची, कागद ठेवायचा, दाबायचं. कागदावर सगळं उलटं उमटतं. म्हणून दगडावर आपण आधीच उलटं काढायचं. कळलं?" आणि आतून आजीचा आवाज, तोही मला येतो: "तिला कळलं. भिंतीलाही कळलं. आता जेवा."

मी नकला करते हे एव्हाना लक्षात आलं असेल. शाळेतले सगळे सर आणि बाई मला येतात, वॉचमन येतो, लिफ्टमधली ती रेकॉर्ड केलेली बाई येते. मार्क मात्र येत नाहीत. माझ्या स्वतःच्या आवाजात काही बोलले तर घरात विचारतात, "हा कुणाचा गं?"

तर झालं असं. चौकातल्या सलूनवाल्याने दुकानाचं काम काढलं, आणि आरशामागचं प्लायवूड उचकटल्यावर भिंतीवर एक जुनं पोस्टर निघालं. लाल गाडी पुढे, मागे आणखी, आणि धुळीचा हा मोठा लोट. संग्रहालयाने ते अलगद सोडवून नेलं आणि जुन्या शर्यतींचं प्रदर्शन ठरवलं. पेपरात फोटो आला. आजोबांनी चहाचा कप तिरका धरला, चहा मांडीवर सांडला आणि ते ओरडले, "हे माझं!"

आम्हाला वाटलं, चहाबद्दल म्हणतायत.

दुसऱ्या दिवशी आजोबा, आजी आणि मी संग्रहालयात हजर. पोस्टर काचेत लावलेलं होतं आणि खाली पाटी होती. ती मी मोठ्याने वाचली, हे माझं चुकलंच. 'चित्रकार अज्ञात. या रिंगणावर गाड्या नेहमी डावीकडे वळत. चित्रात त्या उजवीकडे वळताना दिसतात. त्यावरून चित्रकाराने रिंगण कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नसावं असं वाटतं.'

रिंगणाच्या कुंपणाला टेकून आजोबांनी पाहिलेली एकही शर्यत अशी नाही, जी घरात आम्ही आमटीबरोबर गिळलेली नाही. आजोबांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्यांचं सगळं तरुणपण ओल्या फडक्याने पुसून टाकलंय. पहिली हसली आजी.

"कधी पाहिलेलं नसावं!" ती म्हणाली. "मग दर रविवारी जायचात तरी कुठे?"

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई आल्या. त्या फार गोड बोलतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हो की नाही?' विचारतात, पण उत्तराची वाट बघत नाहीत.

"हे मी काढलंय," आजोबा म्हणाले.

"अय्या! पण सही नाही हो यावर."

"छापखान्याचा मालक करू देत नसे. म्हणायचा, पोस्टर शर्यतीचं आहे, तुझं नव्हे."

बाईंनी मान तिरकी केली. "म्हणजे बघा ना काका, मला अतिशय आनंद होईल. पण उद्घाटनानंतर पाट्या पक्क्या होणार, पुस्तकातही तेच छापलं जाणार. काहीतरी खात्री हवी, हो की नाही? आणि मग या गाड्या उलट्या का, तेही लिहावं लागेल. मला तर सारखं वाटतं, चित्रकाराने हे मुद्दाम केलं असावं. काळाच्या प्रवाहाविरुद्ध धावणारी माणसं! किती सुंदर कल्पना, हो की नाही?"

आजोबा म्हणाले, "विचार करून सांगतो." माणसाला पाटीवर स्वतःचं नाव हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं मोठ्या टायपात काढली, वितभर उंचीची, आणि स्वतःचं कुठे खडूच्या टोकाएवढंही नाही. घरी येईपर्यंत ते रिक्षात एक अक्षर बोलले नाहीत. शर्यतीबद्दलसुद्धा नाही. आजीने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

रात्री जेवताना मी बाईंची नक्कल केली. मान तिरकी, बोटं हवेत. "काळाच्या प्रवाहाविरुद्ध धावणारी माणसं! हो की नाही?" आईला ठसका लागला. आजोबा हसले नाहीत.

"परत म्हण," ते म्हणाले.

मी परत म्हटलं. मला वाटलं, एवढी आवडली. पुढे दोन दिवस ते बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालताना पुटपुटत होते, "काळाच्या प्रवाहा... प्रवाहाविरुद्ध... च्यायला, जीभ वळत नाही." आणि मी, मूर्ख, त्यांना उच्चार शिकवत होते. "प्रवाहावर जोर द्या आजोबा. आणि डोळे थोडे मिटा."

आजीने भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, पण मुद्दाम केलं होतं का?"

आजोबांनी झारी खाली ठेवली. "नाही गं."

मग ती गोष्ट बाहेर आली, जी आमटीबरोबर कधीच वाढली गेली नव्हती. आधीची एक शर्यत बघत बसून त्यांनी चित्र कागदावर काढलं होतं, अगदी बरोबर, गाड्या डावीकडे वळताना. ते दगडावर उतरवताना अक्षरं उलटी केली, कारण हाताला सवय. गाड्यांवरचे आकडेही उलटे केले, कारण आकडे म्हणजे अक्षरंच. गाड्या मात्र कागदावर होत्या तशाच काढल्या. छापून कागद उचलला तर अक्षरं सुलटी, आकडे सुलटे, आणि सगळ्या गाड्या उजवीकडे निघालेल्या. ज्या माणसाला छापखान्यात 'आरसा' म्हणत, त्याने ही चूक केली होती.

"मालक म्हणाला, लोक तारीख वाचतात, चाकं नाही वाचत. लाव भिंतीवर. लावलं."

"मग?" मी म्हटलं.

"मग शर्यत झाली. बाहेरगावचा एक नवा पोरगा आला होता. पहिल्या वळणावर सगळे डावीकडे वळले आणि हा एकटा उजवीकडे. कुंपण तोडून चहाच्या टपरीत. स्वतःभोवती गरगर फिरून थांबला, म्हणून त्याचं नाव पडलं भोवरा. हात मोडला. दवाखान्यात सगळ्यांना सांगत होता, पोस्टरात तसं होतं म्हणून तसा वळलो." आजोबांनी चष्मा पुसला. "मालक म्हणाला, चित्र कुणाचं ते बोलू नकोस. नाही बोललो."

 मी लगेच अक्कल पाजळली. "अहो, मग तर 'मुद्दाम' म्हणणंच बरं! चूक नाही, कला!"

"म्हणजे त्याचा हात मुद्दाम मोडला असं होईल," आजी म्हणाली. "शाबास."

उद्घाटनाला कोण येणार ते पत्रिकेत छापलं होतं. फीत कापायला बोलावलं होतं त्याच पोराला, म्हणजे आता म्हाताऱ्या झालेल्या भोवऱ्यांना.

त्या दिवशी आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची पकडली. बसायला नव्हे, पळायला सोयीची. भोवरे आले. उंच, वाकलेले, एक कोपर जरा तिरकं. इंजिनांनी कान गेलेले, त्यामुळे ते साधं 'नमस्कार'ही शेजारच्या गावाला ऐकू जाईल असं म्हणतात. त्यांनी तिरक्या हाताने फीत कापली, तेव्हा आजोबांनी डोळे मिटले.

बाई माईकवर म्हणाल्या, "आपल्यात एक काका आहेत, त्यांना या पोस्टरबद्दल काही सांगायचंय, हो की नाही?"

आजोबा उठले. मी ओठांनी 'प्रवाह, प्रवाह' करत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"हे पोस्टर माझं आहे," ते म्हणाले, "आणि गाड्या उलट्या आहेत, ती चूकही माझी आहे. मुद्दाम काही नाही. दगडावर अक्षरं उलटी केली, गाड्या करायच्या राहिल्या."

लोक कुजबुजले. बाईंचा चेहरा पडला, सुंदर कल्पना हातची गेली. "पण काका, खात्री..."

आजोबांनी टेबलावरचा मोठा कागद ओढला, मार्कर घेतला आणि पोस्टरवरचं ठळक शीर्षक उलटं लिहिलं, शेवटच्या अक्षरापासून सुरुवातीकडे, न थांबता. मी तो कागद पालथा करून खिडकीच्या काचेला धरला. मागून उजेड आला आणि अक्षरं सुलटी झाली. 'श'ची तीच गाठ, 'त'ची तीच फाकलेली शेपटी. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती आजी होती.

तेवढ्यात भोवरे उठले. "म्हणजे तो तू होय!" खिडकीची काच हलली, शपथ.

"मीच," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. तो मला अजून जमत नाही. "हात कसा आहे तुमचा?"

"काय?"

"हात! हात कसा आहे?"

"हाताला काय धाड भरलीय! अरे, पोस्टरचा काय संबंध! मातीवर गाडीचा मागचा भाग घसरतो, तेव्हा डावीकडे जायला चाक उजवीकडे फिरवायचं असतं. मला शिकवलं होतं. मी गाडी घसरायच्या आधीच फिरवलं! सरळ टपरीत! पहिलीच शर्यत होती, लाजेने मेलो होतो. कुणावर तरी ढकलायचं होतं. दवाखान्याच्या खिडकीतून समोर तुझं पोस्टर दिसत होतं, म्हणालो, ते बघून वळलो!"

सगळे खो खो हसले. आम्हाला वाटलं, सुटला बिचारा माणूस. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं. पण आजोबा लालबुंद झाले होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझं पोस्टर बघून तुम्ही वळलाच नाहीत?"

"छे!"

"अहो, मी जन्मभर तोंड शिवून बसलो! निदान शर्यतीआधी बघितलं तरी होतं का?"

"आधी कुठला बघतोय! घाईत आलो होतो. मग दवाखान्यात पडल्या पडल्या रोज बघायचो. दुसरं काय होतं बघायला?" भोवरे काचेजवळ गेले आणि नाक टेकवून उभे राहिले. मग पहिल्यांदाच माणसासारख्या आवाजात म्हणाले, "धूळ झकास काढलीयस. ती बघून वाटायचं, हात बरा झाला की परत जावं. गेलो पण."

आजोबांनी दोनदा घसा खाकरला. मग बाईंकडे वळले. "लिहून घ्या."

"काय लिहू काका?"

"धूळ झकास."

बाईंनी पाटी बदलली. आता तिच्यावर आजोबांचं पूर्ण नाव आहे, आणि त्याखाली, गाड्या उजवीकडे वळतात ही चित्रकाराची चूक आहे, असंही आहे. धुळीचा उल्लेख नाही. त्यासाठी आजोबा रोज संग्रहालयात फोन करतात. बाई आता त्यांचा नंबर बघून फोन उचलत नाहीत, तेव्हा मी माझ्या फोनवरून भोवऱ्यांच्या आवाजात बोलावं असा त्यांचा हट्ट आहे. मी काल संध्याकाळी बाथरूममध्ये एकदा तालीम केली. शेजारच्या काकू लगेच बेल वाजवून विचारायला आल्या, घरात कोण भांडतंय.